लिनक्स फ्रॉम स्क्रॅचवर आवाज आणायचाय? अल्सा, पल्सऑडिओ आणि पाइपवायर तिन्ही वापरून झालेलं मत

ज्यांनी लिनक्स फ्रॉम स्क्रॅच म्हणजे एलएफएस (पुस्तक वाचत सोर्समधून सगळं बांधायचं लिनक्स) स्वतः कंपाइल करून बूट केलंय त्यांना माहितीये की काळ्या स्क्रीनवर लॉगिन आलं की मूळ पुस्तक संपतं, आणि तेव्हा मशीन पूर्ण मुकं असतं. आवाज, ग्राफिक्स, ब्राउझर हे सगळं पुढच्या पुस्तकात, बियाँड लिनक्स फ्रॉम स्क्रॅच म्हणजे बीएलएफएस मध्ये. मी तिथल्या मल्टिमीडिया भागातले साउंडचे तिन्ही रस्ते बिल्ड करून रोजच्या कामाला वापरलेत, नुसतं अल्सा (लिनक्सच्या गाभ्यातला म्हणजे कर्नलमधला साउंडचा थर), मग अल्सावर पल्सऑडिओ (अनेक प्रोग्रामचे आवाज सांभाळणारा सर्व्हर), आणि आता पाइपवायर (त्याच कामाचा नवीन सर्व्हर) सोबत वायरप्लंबर, म्हणून हा रिव्ह्यू लिहितोय.

आधीच सांगतो, पाइपवायरला माझ्याकडून ५ पैकी साडेचार, आणि डेस्कटॉप वापरणार असाल तर डोळे झाकून तेच घ्या. पण एक अट आहे आणि ती मी या रिव्ह्यूत परत परत सांगणार आहे, खालचा थर वाजल्याशिवाय वरचा थर बिल्ड करायला घेऊ नका. तयार डिस्ट्रोमध्ये (उबंटू, फेडोरासारख्या आयत्या लिनक्समध्ये) हे सगळे थर कोणीतरी आधीच जुळवून दिलेले असतात, इथे ते जुळवणारे आपणच, आणि आवाज आला नाही की लोक सरळ पाइपवायरला शिव्या घालतात जेव्हा खरा प्रश्न कर्नलच्या मेन्यूत एक खूण राहिल्याचा असतो.

तर सुरुवात कर्नलपासून. इंटेलने २००४ साली एचडी ऑडिओचं स्पेसिफिकेशन आणलं, त्याआधी १९९७ चं एसी-९७ होतं, आणि आजही बहुतेक डेस्कटॉप मदरबोर्ड एचडी ऑडिओवरच चालतात. यात दोन वेगळे भाग असतात हे नीट समजून घ्या, एक कंट्रोलर आणि एक कोडेक. कंट्रोलर म्हणजे पीसीआय बसवर बसलेला भाग, कोडेक म्हणजे खरा आवाज करणारी चिप, बहुतेक वेळा रिअलटेकची. कर्नलच्या मेन्यूत दोघांचे पर्याय वेगळे आहेत. कंट्रोलर आणि नुसता जेनेरिक कोडेक ड्रायव्हर चालू केला तर कार्ड दिसतं, नाव दिसतं, पण हेडफोन लावल्यावर स्पीकर बंद न होणं, माइक न दिसणं असले प्रकार होतात, कारण एकेका बोर्डसाठी लिहिलेल्या दुरुस्त्या कोडेकच्या ड्रायव्हरमध्ये असतात आणि जेनेरिक ड्रायव्हरला त्या माहिती नसतात. तिसरा पर्याय एचडीएमआय कोडेकचा, मॉनिटरमधून आवाज हवा असेल तर तोही लागतो. यूएसबी हेडसेट किंवा यूएसबी डॅक (बाहेरून लावायचं साउंड कार्ड) असेल तर यूएसबी ऑडिओ हा अजून वेगळा पर्याय, तो विसरायला फार सोपा.

आपली चिप कुठली हे शोधायचा सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे कुठलंही लाइव्ह लिनक्स यूएसबीवरून बूट करायचं, तिथे आवाज येतोय का बघायचं, आणि मग एलएसमॉड चालवून कुठले साउंडचे मॉड्यूल (ड्रायव्हरचे वेगळे लोड होणारे भाग) लोड झालेत ते लिहून घ्यायचं. प्रॉक खाली असाउंड नावाचं फोल्डर असतं, त्यात कार्डच्या फोल्डरमध्ये कोडेकची फाइल असते, तिच्या पहिल्याच ओळीत चिपचं नाव लिहिलेलं असतं. एवढं केलं की मेन्यूत अंदाजाने खुणा करत बसायला लागत नाही.

आता लॅपटॉपवाल्यांसाठी, आणि इथे जरा थांबून वाचा कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. गेल्या काही वर्षांतल्या इंटेलच्या लॅपटॉपमध्ये आतला माइक डिजिटल असतो आणि तो थेट प्रोसेसरमधल्या ऑडिओ डीएसपीला (फक्त आवाजावर काम करणाऱ्या भागाला) जोडलेला असतो, कोडेकला नाही. जुना एचडी ऑडिओ ड्रायव्हर वापरला तर स्पीकर वाजतात पण माइक अजिबात दिसत नाही. त्यासाठी साउंड ओपन फर्मवेअर लागतं, सगळे त्याला एसओएफ म्हणतात, २०१८ मध्ये जाहीर झालेला प्रोजेक्ट आहे. याच्यात कर्नलचा ड्रायव्हर वेगळा, फर्मवेअरच्या फाइली वेगळ्या आणि टोपॉलॉजीच्या (आवाजाचे मार्ग सांगणाऱ्या) फाइली अजून वेगळ्या, तिन्ही जागेवर पाहिजेत. आणि याहून महत्त्वाचं, एसओएफचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आतच बिल्ड करू नका, मॉड्यूल म्हणूनच ठेवा. कारण असं की एलएफएसमध्ये साधारणपणे इनिटरामएफएस (बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी फाइल सिस्टिम) नसतं, त्यामुळे कर्नलच्या आत बसवलेला ड्रायव्हर जागा होतो तेव्हा रूट पार्टिशन माउंटच झालेलं नसतं, फर्मवेअरची फाइल डिस्कवर असूनही त्याला सापडत नाही, आणि ड्रायव्हर हात वर करतो. मॉड्यूल असेल तर यूडेव (हार्डवेअर ओळखणारा प्रोग्राम) त्याला नंतर लोड करतो, तेव्हा डिस्क तयार असते. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या यादीत) फर्मवेअर मिळालं नाही अशी ओळ दिसली आणि फाइल तर समोर दिसतीये, तर नव्वद टक्के हेच कारण समजा. कर्नलमध्येच फर्मवेअर कोंबायचीही सोय आहे पण मॉड्यूलचा रस्ता जास्त सुटसुटीत आहे.

कार्ड दिसलं की मग अल्सा. यारोस्लाव किसेला यांनी १९९८ च्या आसपास सुरू केलेला हा प्रोजेक्ट, डिसेंबर २००३ मध्ये २.६ कर्नल आलं तेव्हा जुन्या ओएसएस या साउंड सिस्टिमच्या जागी हा बसला आणि आजपर्यंत, ब्लूटूथ सोडलं तर, लिनक्सवरचा जवळजवळ प्रत्येक आवाज शेवटी यातूनच जातो. वर पल्सऑडिओ असो की पाइपवायर, खाली अल्साच. बीएलएफएस मध्ये अल्सा-लिब आणि अल्सा-युटिल्स ही दोन पॅकेजेस महत्त्वाची, दोन्ही पटकन बिल्ड होतात, काही कटकट नाही. फक्त अल्सा-लिबच्या पानावर यूसीएम कॉन्फिगची एक जास्तीची टारबॉल (फाइलींचा गठ्ठा) दिलेली असते, ती सोडू नका, एसओएफवाल्या लॅपटॉपवर स्पीकर, हेडफोन, माइक यांची नीट ओळख त्या फाइलींवरूनच होते.

अल्सा-युटिल्सला मी पूर्ण ५ देईन. अल्सामिक्सर हे प्रोग्राम दिसायला जुनं वाटेल पण टर्मिनलमध्ये एवढं काम करणारं दुसरं काही नाही. पहिल्यांदा उघडलं की चॅनलखाली एमएम दिसतं, म्हणजे म्यूट. अल्सा नवीन कार्डवर सगळं म्यूट करूनच ठेवतं हे ज्याला माहीत नाही तो तासन्‌तास कर्नल परत परत कंपाइल करत बसतो. एम दाबा, मास्टर आणि पीसीएम आणि स्पीकर किंवा हेडफोन असे सगळे मोकळे करा, वर न्या. ऑटो-म्यूट नावाचा पर्यायही तिथेच आहे, हेडफोनचा जॅक लावलेला आहे असं कार्डला वाटत असेल तर स्पीकर गप्प राहतात, तो डिसेबल करून बघा. मग स्पीकर-टेस्ट चालवा, दोन चॅनल आणि वेव्ह फाइल सांगितली की एक आवाज डावीकडून फ्रंट लेफ्ट आणि उजवीकडून फ्रंट राइट म्हणतो, डावं-उजवं उलटं असेल तर तेही तिथेच कळतं. त्यानंतर अल्सा-सीटीएल स्टोअर, म्हणजे ही सेटिंग व्हार फोल्डरखालच्या फाइलमध्ये जाऊन बसते आणि पुढच्या बूटला परत येते.

रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून वाजतंय आणि साध्या युजरला कार्डच दिसत नाही असं झालं तर युजर ऑडिओ ग्रुपमध्ये नाहीये एवढंच. सिस्टिमडी (बूटला सगळ्या सर्व्हिस चालू करणारा प्रोग्राम) किंवा ईलॉगइंड (त्यातला फक्त लॉगिन सेशन सांभाळणारा भाग) असेल तर चालू सेशनच्या युजरला परवानगी आपोआप मिळते, नाहीतर ग्रुपमध्ये घालायचं आणि लॉगआउट करून परत लॉगिन करायचं, लॉगआउट न करता तपासलं तर फरक दिसत नाही.

अजून एक, ग्राफिक्स कार्डचं एचडीएमआय कधीकधी शून्य नंबरचं कार्ड होऊन बसतं आणि खरं ऑडिओ कार्ड एक नंबरवर जातं. मग सगळं बरोबर असून आवाज स्पीकर नसलेल्या मॉनिटरकडे जात राहतो. ए-प्ले ला यादी मागितली की कुठलं कार्ड कितव्या नंबरवर ते दिसतं, आणि डिफॉल्ट कार्ड कॉन्फिग फाइलमध्ये सांगताना नंबर न देता नावाने सांगा, कारण नंबर बूटगणिक बदलू शकतो, नाव बदलत नाही.

नुसत्या अल्सावर किती दिवस राहता येतं? खरं सांगायचं तर बरंच. एकाच वेळी दोन प्रोग्रामचा आवाज येत नाही ही तक्रार आता जुनी झाली, अल्सामध्ये आवाज मिसळणारं डीमिक्स आहे आणि ते डिफॉल्टच चालू असतं. टर्मिनलमध्ये गाणी ऐकणारा, व्हिडिओ प्लेअर चालवणारा माणूस आरामात राहील. अडतं ते ब्राउझरवर. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये ५२ व्या व्हर्जनपासून त्यांच्या तयार बिल्डमधून अल्सा काढून टाकलं आणि पल्सऑडिओ मागायला सुरुवात केली. आपण सोर्समधून बिल्ड करत असू तर अल्सा बॅकएंड चालू करता येतो, हा स्वतः बांधण्याचा खरा फायदा, पण फायरफॉक्स कंपाइल करायला लागणारा वेळ आणि मेमरी बघता प्रत्येक अपडेटला ते करायची तयारी पाहिजे. ब्लूटूथ हेडफोन लावायचे तर अल्सावर वेगळा प्रोग्राम जोडावा लागतो, आणि चालू गाणं स्पीकरवरून हेडफोनवर ढकलणं हे तर विसराच. मी अल्साला सर्व्हर किंवा छोट्या सिस्टिमसाठी ४ देईन आणि रोजच्या डेस्कटॉपसाठी अडीच.

पल्सऑडिओबद्दल थोडक्यात. लेनर्ट पोटरिंग यांनी २००४ मध्ये सुरू केलं, फेडोरा ८ आणि उबंटू ८.०४ मध्ये आलं तेव्हा खूप लोकांचा आवाज गेला आणि नाव तेव्हापासून खराब झालं ते झालंच, पण आज ते अगदी स्थिर आहे, प्रत्येक प्रोग्रामचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो, साधं आणि भरवशाचं. फक्त नवीन बिल्ड करणाऱ्याने ते सर्व्हर म्हणून का निवडावं याचं कारण मला आता सापडत नाही. मात्र एक गोष्ट लक्षात घ्या, पाइपवायर वापरलं तरी पल्सऑडिओचं पॅकेज लागतंच, कारण ढीगभर प्रोग्राम त्याच्या क्लायंट लायब्ररीशी लिंक होतात. मेसनला (बिल्डची तयारी करणाऱ्या टूलला) डीमन म्हणजे मागे चालणारा सर्व्हर नको असं सांगायचा पर्याय आहे, तो दिला की फक्त लायब्ररी येते आणि दोन सर्व्हर एकाच कार्डसाठी भांडायचा प्रश्नच मिटतो. डीमनसकट बिल्ड झालंच असेल तर त्याच्या क्लायंट कॉन्फिगमध्ये ऑटोस्पॉन (सर्व्हर आपोआप सुरू होणं) बंद करा.

आता पाइपवायर. विम टायमन्स, जीस्ट्रीमर ही मल्टिमीडिया लायब्ररी घडवणाऱ्यांपैकी एक, यांनी २०१५ मध्ये रेड हॅटमध्ये असताना हे सुरू केलं ते व्हिडिओसाठी, आवाज नंतर आला. एप्रिल २०२१ मध्ये फेडोरा ३४ ने ते डिफॉल्ट केलं आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये १.० व्हर्जन आलं. वेलँडवर (लिनक्सच्या नव्या डिस्प्ले सिस्टिमवर) स्क्रीन शेअर करायची तर पाइपवायर असंही लागतं, म्हणजे वेलँडवाल्यांना बिल्ड तर करावंच लागणार, मग आवाजही त्यालाच का देऊ नये, हा माझा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा असा की पल्सऑडिओसाठी लिहिलेला प्रोग्राम, अल्सासाठी लिहिलेला प्रोग्राम आणि जॅक या स्टुडिओच्या साउंड सर्व्हरसाठी लिहिलेला प्रोग्राम हे तिन्ही एकाच वेळी, एकाच कार्डवर, एकमेकांना न अडवता चालतात. पूर्वी गाणी रेकॉर्ड करायची तर जॅक चालू करायचं, त्यासाठी पल्सऑडिओ बाजूला करायचं, ब्राउझर मुका व्हायचा, ती सगळी कसरत गेली.

बिल्ड करताना मेसन आणि प्रत्यक्ष कंपाइल करणारा निंजा, दहा मिनिटांचंही काम नाही बऱ्या मशीनवर. पण इथे एक सापळा आहे आणि तो तयार डिस्ट्रो वापरणाऱ्याला कधी दिसणारच नाही. पाइपवायरच्या जवळजवळ सगळ्या डिपेंडन्सी ऑप्शनल आहेत, म्हणजे अल्सा-लिब सापडलं नाही तरी बिल्ड थांबत नाही, एरर येत नाही, फक्त अल्साचा प्लगइन बनत नाही. इन्स्टॉल होतं, सर्व्हर चालतो, व्हॉल्यूमच्या खिडकीत डमी आउटपुट एवढंच दिसतं. ब्लूटूथचंही तसंच, ब्लूझेड (लिनक्सचा ब्लूटूथचा प्रोग्राम) आणि एसबीसी लायब्ररी आधी नसेल तर तो भाग गुपचूप वगळला जातो. म्हणून मेसन सेटअप संपल्यावर शेवटी जो सारांश छापला जातो तो ओळ न ओळ वाचा, अल्सासमोर यस आहे का, ब्लूझेडसमोर यस आहे का बघा, आणि मगच निंजा चालवा. आणि सेशन मॅनेजरचा पर्याय रिकामा द्या, जसं बीएलएफएस मध्ये दिलंय, नाहीतर बिल्ड मध्येच इंटरनेटवरून वायरप्लंबर वगैरे उतरवायला बघतं.

वायरप्लंबर वेगळं पॅकेज का, असं बऱ्याच जणांना वाटतं. पाइपवायर फक्त आवाजाचा प्रवाह वाहून नेतं, कुठला प्रोग्राम कुठल्या कार्डला जोडायचा, हेडफोन लावल्यावर काय करायचं हे ठरवत नाही, ते ठरवणारा सेशन मॅनेजर म्हणजे वायरप्लंबर. पाइपवायर चालू आणि वायरप्लंबर बंद असेल तर सगळं निरोगी दिसतं आणि काहीच वाजत नाही. डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस ही कमांड पहिली मित्र समजा, तिच्यात सिंक्स (आवाज जिथे जातो त्या जागा) खाली आपलं कार्ड नावासकट दिसलं पाहिजे आणि डिफॉल्टवर चांदणी असली पाहिजे.

सिस्टिमडीवाल्या एलएफएसमध्ये हे सगळं युजर सर्व्हिस म्हणून चालू करायचं, पाइपवायरचे सॉकेट (प्रोग्राम सर्व्हरला जोडले जातात त्या जागा) आणि वायरप्लंबरची सर्व्हिस एनेबल केली की झालं. सिस-व्हीवाल्यांना (सिस्टिमडी नसलेलं एलएफएस) जरा हाताने करावं लागतं, डेस्कटॉपच्या ऑटोस्टार्टमध्ये आधी पाइपवायर, मग वायरप्लंबर आणि पाइपवायर-पल्स. हा क्रम पाळा. आणि ईलॉगइंड नसेल तर एक्सडीजी रनटाइम डिरेक्टरी (चालू सेशनच्या तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर) तयार नसते, पाइपवायरचा सॉकेट तिथेच बनतो, ती नसली की सर्व्हर उभाच राहत नाही. रूट म्हणून चालवायचा मोह टाळा, हा प्रोग्राम लॉगिन केलेल्या युजरचाच आहे. अल्सावाले जुने प्रोग्राम पाइपवायरकडे वळवायला त्याच्यासोबत येणाऱ्या दोन कॉन्फिग फाइली एटीसी खालच्या अल्साच्या फोल्डरमध्ये लिंक करायच्या, एवढं केलं की काही सुटत नाही.

चालल्यावर कसं वाटतं? डिफॉल्टला ४८००० हर्ट्झ आणि क्वांटम (एका वेळी हाताळायचे आवाजाचे नमुने) १०२४, म्हणजे साधारण २१ मिलिसेकंदांचा बफर, व्हिडिओ बघायला, कॉलला, गाण्याला एकदम पुरेसा. गिटार किंवा कीबोर्ड लावून वाजवायचा तर चालू सिस्टिममध्येच एका कमांडने क्वांटम २५६ करता येतो, ५ मिलिसेकंदांच्या जरा वर, काहीही रिस्टार्ट न करता, हे मला फार आवडतं. पीडब्ल्यू-टॉप चालवून ठेवलं की एररच्या रकान्यात आकडा वाढतोय का दिसतं, वाढत असेल आणि आवाज तडतडत असेल तर आरटीकिट बसवलंय का बघा, ते किंवा लिमिट्समध्ये वेगळी परवानगी दिल्याशिवाय साध्या युजरच्या सर्व्हरला रिअलटाइम प्रायॉरिटी मिळत नाही. काही सेकंद शांतता झाली की पुढच्या आवाजाआधी टप्प असा आवाज येतो तो वेगळा प्रकार, पाइपवायर ५ सेकंदांनी कार्ड झोपवतं आणि काही कार्डांना जागं होताना तसा झटका बसतो, सस्पेंडचा टाइमआउट शून्य केला की जातो. तरीही येत असेल तर एचडी ऑडिओ मॉड्यूलचं पॉवर सेव्ह शून्य करा.

ब्लूटूथ या सगळ्यात मला सगळ्यात सुखद वाटलं. गाणं ऐकताना एएसी, एलडॅक अशा कोडेकवर (इथे चिप नाही, आवाज दाबून पाठवायची पद्धत), लायब्ररी बिल्डच्या वेळी असतील तर, आणि कॉल सुरू झाला की माइकसाठी आपोआप हेडसेट प्रोफाइलवर उडी. तेव्हा आवाज एकदम टेलिफोनसारखा होतो ही मर्यादा पाइपवायरची नाही, त्या प्रोफाइलमध्ये माइकसकट बहुतेक वेळा ८ किंवा एमएसबीसी कोडेकवर १६ किलोहर्ट्झ मिळतात. आतला माइक वापरून हेडफोन फक्त ऐकायला ठेवायचे असतील तर ती आपोआप उडी वायरप्लंबरच्या सेटिंगमध्ये बंद करता येते, आणि मी तसंच करा म्हणेन.

अर्धा मार्क कापला तो वायरप्लंबरच्या कॉन्फिगसाठी. २०२४ मध्ये ०.५ व्हर्जन आलं तेव्हा जुनी लुआ या भाषेतली कॉन्फिग पद्धत बंद झाली आणि जेसनसारखी नवीन आली, नवीन पद्धत वाचायला सोपी आहे, चांगली आहे, पण शोधल्यावर मिळणारे निम्मे उपाय अजून जुन्या लुआतलेच असतात, ते चिकटवले तर एरर न देता नुसते दुर्लक्षित होतात. उपाय वाचताना फाइलचं नाव लुआने संपतंय का एवढं बघा आणि संपत असेल तर सोडून द्या.

बीएलएफएस च्या पुस्तकाबद्दलही दोन शब्द लिहायलाच पाहिजेत. कर्नलमध्ये काय निवडायचं, कुठलं पॅकेज आधी, कुठली फाइल कुठे, हे स्वयंसेवक दर आवृत्तीला परत तपासून लिहितात आणि फुकट देतात, आणि ते इतकं नेमकं असतं की मला दुसरीकडे शोधायची गरज फक्त एसओएफच्या फर्मवेअरसाठी पडली. पुस्तकातल्या कमांड नुसत्या कॉपी न करता खाली दिलेलं कमांडचं स्पष्टीकरण वाचा, डीमन, सेशन मॅनेजर असल्या पर्यायांचं कारण तिथेच लिहिलेलं असतं.

अपडेटचं म्हणाल तर पाइपवायर आणि वायरप्लंबर बरोबरीने अपडेट करा, एक नवीन एक जुनं असं ठेवू नका. कर्नल बदलताना जुनी कॉन्फिग फाइल घेऊन ओल्डकॉन्फिग चालवा आणि साउंडच्या मेन्यूत एकदा डोकावून या, कारण पर्यायांची नावं आणि जागा अधूनमधून बदलतात आणि बदललेला पर्याय नकळत बंद राहू शकतो. नवीन कर्नलच्या पहिल्या बूटला आधी असाउंडमधली कार्ड्स फाइल, मग स्पीकर-टेस्ट, ते वाजलं तर वरच्या कशालाही परत कंपाइल करायची गरज नाही, पाइपवायर कर्नलच्या व्हर्जनला बांधलेलं नसतं.